तिसरा बार

पहिला बार झाला आणि ओढ्यापलीकडच्या दरडीतून मातीचा फुफाटा उठला. चिंचेवरचे कावळे ओरडत उडाले. मालननं, माझ्या सुनेनं, रायफलीचा बोल्ट उचलून मागं ओढला. बोल्ट मागं आला, उडालेल्या काडतुसाची पुंगळी मात्र आतच राहिली.

"आत्ती, निघंना," ती म्हणाली.

"निघंना म्हंजे? परत ओढ."

तिनं परत ओढला. नळीच्या बुडाशी पितळेची कड चमकत होती, पण जागची हलायला तयार नव्हती.

बांधावर माझे दीर हिंदुराव सुपारी कातरत बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. जिथं आमचं काही अडतं तिथं ते आधी येऊन बसतात.

"वैनी," ते म्हणाले, "देवीला एक बार चालत न्हाई. तीन लागतात."

"मला मोजता येतं भावजी. शाळा सोडली ती तीन शिकल्यावरच."

असली रायफल ज्यांनी बघितली नसेल त्यांना सांगते. बोल्ट म्हणजे दाराच्या सरकत्या कडीसारखा लोखंडी दांडा. उचलायचा आणि मागं ओढायचा. त्याच्या तोंडाला बारीक आकडी असते, ती पुंगळीची कड धरून तिला बाहेर आणते आणि पुंगळी बाजूला उडून पडते. मग दांडा पुढं ढकलला की नवं काडतूस आत. पुंगळी बाहेर आली नाही तर दुसरं काडतूस जाणार कुठं? मग रायफल काय आणि मुसळ काय, सारखंच.

आणि दसरा दोन दिवसांवर आला होता.

आमच्या शिरगुडीत नवलाईची पालखी दसऱ्याला शिवेवर जाते. वडाच्या पारापासून शिवेच्या दगडापर्यंत देवी कुठं थांबत नाही. तेवढ्या वाटेत आमच्या खराड्यांच्या घरातून तीन बार झाले पाहिजेत. आभाळात नाही, समोरच्या ओसाड दरडीत. तिसरा बार झाला की देवी शीव ओलांडते आणि मग सोनं लुटायचं. आधी सासरे बार काढायचे, मग आमचे मालक. मालकांच्या हाताला कंप सुटला तेव्हा माझ्या लेकानं, मालनच्या नवऱ्यानं, जयसिंगानं रायफल घेतली. जयसिंग ट्रॅक्टरखाली गेला. त्या वर्षी घरात दुखवटा, म्हणून सलामीचा मान मी हिंदुरावांना उसना दिला. त्यांनी स्वतःच्या बंदुकीतून बार काढले आणि तेव्हापासून उसनं हा शब्द विसरले. त्यांचा रणजित गावभर सांगत फिरायचा की मान आता आमच्याकडं आला.

मी मालनला घेऊन तालुक्याला खेटे घातले आणि रायफलीचं लायसन तिच्या नावावर करून आणलं. भावकी बसली. बाईनं बार काढायचा म्हटल्यावर निम्म्यांच्या मिशा वाकड्या झाल्या. शेवटी ठरलं: पालखी दगडाला पोचायच्या आत तीन बार झाले तर मान या दाराशी. नाही झाले तर हिंदुरावांच्या दाराशी, कायमचा.

म्हणून ती तालीम चालली होती. आणि रायफल पहिल्याच घासाला अडकली.

नळीतून गज घालून ठोकल्यावर ती पुंगळी निघाली. हिंदुराव उठले, धोतर झटकलं.

"रणजितला सांगू का? पोरगं तयार हाय. तुमच्याच नावानं काढंल."

"माझं नाव माझ्या घरात बरं हाय, भावजी. या तुमी."

*

दस्तगीर शिकलगाराचं दुकान बाजारपेठेच्या टोकाला. त्याच्या आज्यानं तलवारींना धार लावली, बापानं बंदुका नीट केल्या आणि हा दोन्ही करून वर तोंडही चालवतो. त्यानं बोल्ट काढून उन्हात धरला, सुईनं आकडीच्या खालून काहीतरी टोकरलं आणि कागदावर झाडलं. तांबडी, चिकट, दगडासारखी खपली.

"वैनीसाब, हे काय?"

मी बघितलं. कुंकू होतं. खंडेनवमीला शस्त्र पुजायचं, तेल-हळद-कुंकू लावायचं, ही आमच्या घरची रीत. वर्षानुवर्षांचं कुंकू तेलात कालवून आकडीच्या सांदीत जाऊन बसलेलं.

"पूजा हाय ती," मी म्हटलं.

"पूजा लाकडाला करा. लोखंडाच्या तोंडात कुंकू घातलं तर ते चावंल कसं? आकडीला दाबच राहिला न्हाई. पुंगळीच्या कडेवरनं घसरतीय."

"तुझं काम सांग. रीत मला शिकवू नकोस."

त्यानं घासलेटात बोल्ट बुडवला, आकडी सोडवली, धुतली, पुसली. काडतुसाचं घर चिंधीनं घासून आरशासारखं केलं. मग रिकामी पुंगळी आत घालून बोल्ट लावला आणि ओढला. पुंगळी टणकन उडाली आणि समोरच्या पत्र्यावर आपटून दुकानाबाहेर गेली. परत घातली, परत उडाली. दस्तगीर हसला.

"घ्या. नवी नवरी झाली."

मी रायफल मालनच्या हातात दिली. "ओढ."

तिनं ओढला. पुंगळी घरातून सुटून मागं आली, पण उडाली नाही. आकडीला धरून खाचेतच राहिली, आंगठ्याएवढं पितळ, ना आत ना बाहेर.

"परत."

परत तेच.

दस्तगीरानं रायफल हिसकून घेतली, ओढली. पुंगळी उडाली. मालनला दिली, पुंगळी राहिली. त्यानं बोल्ट परत काढला, आत डोळा लावून बघितलं. "पुंगळीला मागनं धक्का देणारा खिळा असतो. तो झिजला असंल." खिळा काढला, कानशीनं बघितलं, नखानं बघितलं. खिळा धडधाकट. परत लावला. त्याच्या हातात पुंगळी उडत होती, मालनच्या हातात राहत होती. दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकानं गंमत म्हणून ओढून बघितलं, त्याच्याही हातात उडाली.

"रायफलीत खोट न्हाई," दस्तगीर हात पुसत म्हणाला.

"मग कशात हाय?"

"वैनीसाब, राग नका धरू. बाईचा हात. ताकद कमी पडती. पुरुषाच्या हातात द्या."

"ताकद?" मी म्हटलं. "ही बाई भरली कणगी एकटी सरकवते. गाभण म्हैस अडली तेव्हा रेडकू हिनं ओढून काढलं. तुझ्या दुकानाचं शटर ही एका हातानं उचलंल, बघायचं का?"

"शटर उचललं तरी पुंगळी निघंना त्याला मी काय करू?"

त्याचं बोलणं मी गिळलं नाही. पैसे फळीवर आपटले आणि मालनला घेऊन निघाले.

*

घरी आल्यावर मालन पाटावर बसून रिकाम्या पुंगळ्या घालून ओढत राहिली. मी पलीकडं बसून डोळ्यांत तेल घालून बघत होते. तिचे हात कापत नव्हते. बोल्ट मागं यायचा, पुंगळी खाचेत राहायची. रायफल उजवीकडं कलंडवून झटकली की पडायची, पण त्यात वेळ जायचा.

सोप्यातून मालक म्हणाले, "माझ्या हातात कधी अडली न्हाई ती. जयसिंगाच्याबी न्हाई."

"ते तुम्ही सांगायला नको," मी म्हटलं.

एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे, कारण आमचं घर कसं होतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्या सासऱ्यांना माजघरातला आवाज सोप्यात आलेला चालत नसे. माझ्या सासूनं मला तसं वळण लावलं आणि मी मालनला लावलं. भांड्याला भांडं लागत नाही, पाटा-वरवंटा सोडला तर कशाचा नाद नाही. पाहुणे म्हणायचे, गोजराबाई, तुमच्या घरात सून हाय का न्हाई ते कळतच न्हाई. मला त्याचा अभिमान होता आणि आहे. नवी आली तेव्हा एकदा माजघराची कडी तिच्या हातून खाडकन वाजली होती. मी एवढंच म्हटलं होतं, "दार लावतीस का माहेरी निघालीस?" त्यानंतर आमच्या घरात कडी वाजली नाही.

असो. खंडेनवमीला मी रायफल पुजली. हळद-कुंकू लाकडी दस्त्याला लावलं, लोखंडाला नुसता हात जोडला. दस्तगीरानं सांगितलं म्हणून नाही. मला वाटलं म्हणून.

पूजा झाल्यावर मालन म्हणाली, "आत्ती, एक बोलू?"

"बोल."

"भावकीपुढं फजिती व्हायची. त्यापरीस रणजित भावजींना..."

"तुला न्हाई काढायचे बार? तसं सरळ सांग. मी रायफल कपाटात ठेवते आणि मान जाऊन हिंदुरावांच्या ओटीत टाकते."

ती एकदम वर बघून म्हणाली, "काढायचेत. ते जिथं उभं राहायचे तिथंच उभं राहून काढायचेत. म्हणून तर भ्या वाटतंय."

लग्न होऊन आल्यापासून मालननं मला काही मागितलं नव्हतं. मी उठले आणि पूजेचं ताट आत नेलं. डोळ्यांत काही गेलं असेल तर ते तिला दिसू द्यायची गरज नव्हती.

"मग काढ," मी आतून म्हटलं. "कलंडवून पाड, झटकून पाड, दातानं उपस. पण काढ."

*

दसऱ्याला उन्हं उतरायला लागली तशी शिरगुडी सगळी शिवेवर. दगडाच्या डाव्या अंगाला पुरुष, उजव्या अंगाला बायका. मी बायकांच्या पुढं, हातात पाण्यानं भरलेला तांब्या. देवी शीव ओलांडताना भोयांच्या पायांवर पाणी घालायचं काम आमच्या घरच्या थोरल्या सुवासिनीचं. पालखीपुढं बाईनं आवाज काढायचा नाही, ही तिथली रीत. ओव्या नाहीत, बोलणं नाही. नुसतं उभं राहायचं.

मालन दगडाच्या पुढं, जयसिंगाच्या जागी. पांढऱ्या लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. तिच्या उजव्या हाताला, हात-दोन हात सोडून, रणजित बंदूक घेऊन उभा, आणि त्याच्याशेजारी हिंदुराव, नवा गुलाबी फेटा बांधून. मान घ्यायला येताना माणूस जसा येतो तसे आलेले.

ढोल वाजला. वडाच्या पारावरून पालखी उठली.

पहिला बार झाला. दरडीतून माती उडाली. मालननं बोल्ट ओढला, पुंगळी खाचेत राहिली. तिनं रायफल कलंडवली, झटकली, पुंगळी पायाशी पडली. बोल्ट पुढं, नवं काडतूस आत. बायकांच्या रांगेत कुणीतरी श्वास सोडला. पण पालखी निम्मी वाट चालून आली होती.

दुसरा बार.

मालननं बोल्ट ओढला. पुंगळी राहिली. कलंडवली, झटकलं. पडेना. बार नुकताच झालेला, पितळ तापून फुगलेलं, आकडी धुऊन ताजी झालेली. ती आता पुंगळी सोडायलाच तयार नव्हती. मालननं दांडा परत पुढं ढकलला, परत ओढला. राहिली. परत ढकलला. तिच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला.

भोयांच्या पायांतले वाळे ऐकू यायला लागले.

हिंदुराव पुढं सरकले. हात पुढं केला. आवाज मायेचा काढला. "दे पोरी. तुझ्यानं व्हायचं न्हाई. दे इकडं."

मालननं त्यांच्याकडं बघितलं नाही. ती माझ्याकडंही बघत नव्हती. ती बोल्टकडं बघत होती, आणि मीही बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितलं.

ती दांडा जोरानं ओढत होती. ताकद होती, कमी नव्हती. पण मागच्या टोकाशी आला की तिची करंगळी आपोआप खाली जायची आणि दांड्याला हलकेच झेलायची. लोखंड लोखंडावर टेकायच्या आधी. आवाज होऊ नये म्हणून. दोन बोटांचं अंतर राहायचं, आणि धक्का देणारा तो खिळा त्या दोन बोटांतच होता.

ती करंगळी मी रोज बघत होते. रोज दिवे लागले की माजघराच्या कडीखाली हीच करंगळी जायची. ती तिथं कुणी ठेवली ते मला कुणी सांगायला नको होतं.

"मालन!" मी ओरडले.

ढोल थांबला. बाईचा आवाज पालखीपुढं. पुरुषांच्या रांगेतली सगळी तोंडं माझ्याकडं वळली.

"करंगळी काढ! झेलू नकोस त्याला! वाजू दे!"

मालननं माझ्याकडं बघितलं. तिला शब्द ऐकू आले होते, पण ते माझ्या तोंडून आलेत हे तिला खरं वाटत नव्हतं. हात तसाच थांबला.

मग मी काय केलं ते शिरगुडीत अजून सांगतात. मी देवीच्या पाण्याचा तांब्या उचलला आणि होता तेवढ्या बळानं शिवेच्या दगडावर हाणला. पाणी माझ्या तोंडावर, निऱ्यांवर, शेजारणीच्या शालूवर. तांब्याचा आवाज असा घुमला की पालखीचे पुढचे भोई दचकून एक पाऊल चुकले.

"असं!" मी म्हटलं. "असं वाजू दे!"

मालननं दांडा पुढं घातला. आणि असा मागं ओढला, की खाडकन आवाज बायकांच्या रांगेच्या मागं शेवटच्या म्हातारीपर्यंत गेला. पुंगळी आकडीतून सुटली, हवेत उडाली, गरगर फिरत गेली आणि हिंदुरावांच्या गुलाबी फेट्यात जाऊन रुतली. भावजींनी हात डोक्याला लावला. पुंगळी गरम होती, ते त्यांना लगेच कळलं.

"आयला!" ते म्हणाले. देवीपुढं.

बोल्ट पुढं. पालखी दगडापासून दोन पावलांवर.

तिसरा बार.

दरड धडाडली, माती उडाली, ढोलवाल्याला आपलं काम आठवलं. मालननं बोल्ट परत मागं ओढला, गरज नसताना. परत खाडकन. पुंगळी सणसणत गवतात गेली. मला वाटतं तो आवाज तिला परत एकदा ऐकायचा होता.

देवी शिवेपार गेली. तांब्यात टिपूस नव्हता, म्हणून भोयांच्या पायांवर मी माझ्या भिजलेल्या पदराचं पाणी पिळलं. पुजारी काहीतरी बोलायला लागला. मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो थांबला.

सोनं द्यायला हिंदुराव आले तेव्हा फेटा हातात होता, मधोमध काळं भोक पडलेला.

"वैनी, पालखीपुढं ओरडलात. रीत मोडलीत."

"मोडली," मी म्हटलं. "आणि बार तीन झाले. मोजलेत ना?"

त्यांनी मोजले होते. सोनं माझ्या हातावर ठेवून गेले.

*

घरी आलो. मालक सोप्यात बसून होते. त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. मी जोत्यावर बसून तो तांब्या बघत होते. बुडाशी मोठा पोचा पडला होता. तो अजून आहे. कासाराकडं नेऊन काढून घ्या म्हणतात सगळे. मी काढून घेत नाही. माझा तांब्या आहे.

मालननं रायफल पुसून कपाटात ठेवली आणि माजघरात गेली. दार लावलं. रोज लावते तसंच, दमलेल्या माणसाच्या हातानं.

खाडकन.

कडीचा आवाज सोप्यातून जोत्यापर्यंत आला. मग आत सगळं गप्प झालं. भांडं नाही, पाऊल नाही. ती कडीला हात लावून तशीच उभी असणार, श्वास धरून, मी काय म्हणते त्याची वाट बघत. मालकांनी माझ्याकडं बघितलं.

मी तांब्या खाली ठेवला.

"ऐकलं मी," आत ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं. "बहिरी न्हाई अजून. चहा टाक, आणि तुझाबी कप घेऊन बाहेर ये."